वेळेवर आलेले पाहुणे

उसाचे ट्रॅक्टर रस्त्याला लागले की माझ्या पोटात गोळा येतो. बाकीच्यांना त्यांचा राग येतो, आणि तो काही खोटा नाही. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी बाहेर आलेला ऊस, वर ठणाणा गाणी. नेवाशाहून सोनईकडे जाताना असा एखादा पुढे लागला की घरी फोन करून सांगावं, तुम्ही जेवून घ्या. पण माझा गोळा रहदारीचा नाही. कारखान्याचं धुराडं पेटतं, हवेत मळीचा तो आंबूसगोड वास भरतो, आणि मग एके दिवशी आमच्या कॉलेजच्या मैदानात मांडववाले पहारीनं खड्डे घ्यायला लागतात. त्याच दिवशी प्राचार्यांचा निरोप येतो, "मॅडम, पदवी प्रदानचं सूत्रसंचालन तुमच्याकडंच बरं का."

पूर्वी पदवी घ्यायला पुण्याला जावं लागायचं. जाणारे थोडे, बाकीच्यांची पदवी पोस्टानं यायची आणि पत्र्याच्या पेटीत जायची. आता हा सोहळा कॉलेजाकॉलेजात होतो. काळे झगे गेले, फेटे आणि उपरणी आली. मुलं फेटा बांधून मिरवणुकीनं मांडवात येतात, पाहुण्यांच्या हातून फाइल घेतात, फोटो काढतात. ती फाइल रिकामी असते. खरं प्रमाणपत्र नंतर ऑफिसच्या खिडकीतून सही करून घ्यायचं. मुलांना हे माहीत असतं, तरी ती त्या रिकाम्या फाइलसाठी नटून येतात. खिडकीपाशी कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि खिडकीपाशी आपल्याला बघायला कुणी आलेलं नसतं.

सूत्रसंचालन म्हणजे गोड आवाजात चार ओळी म्हणणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा माझ्या जागी उभं राहून बघावं. आमच्याकडे सूत्रसंचालन म्हणजे पाहुणे येईपर्यंत वेळ भरून काढणं. पत्रिकेत दहा छापलं म्हणजे बारा, हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. बँडवाले, हारवाले, पालक, सगळे मनातल्या मनात दोन तास मिळवूनच घरून निघतात. त्यात कुणाला लबाडी वाटत नाही. त्या दोन तासांत मी कविता म्हटल्या आहेत, मुलांना कोडी घातली आहेत, आणि एका वर्षी तर टाळ्या वाजवण्याचे निरनिराळे प्रकार करून घेतले आहेत. शेवटी रस्त्यावर गाड्यांचा ताफा दिसतो आणि मी हुश्श करून पाणी पिते.

पाहुणे उशिरा येतात ते येतात, वर उशिरापर्यंत बोलतात. किती तरी ऐकले. "नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा" हे वाक्य न म्हणणारा पाहुणा मला अजून भेटायचा आहे. एकानं स्वतःच्या लहानपणाची गोष्ट सुरू केली, तो चौथीत जाईपर्यंत मांडवातला निम्मा भाग रिकामा झाला होता. लग्नसराईच्या दिवसांत एक पुढारी तीन लग्नं करून आमच्याकडे आले आणि बोलता बोलता सवयीनं उभयतांना सुखी संसाराचा आशीर्वाद देऊन बसले. मुलं हसली, त्यांना वाटलं भाषण रंगलं. माझं मत असं होत गेलं होतं की पाहुण्यांचं भाषण हीच पदवीची शेवटची परीक्षा. अभ्यास नको, काही नको, नुसतं बसून दाखवायचं.

त्या हंगामाआधी मला कुणी सांगितलं असतं की बाई, तू एका पाहुण्याचं भाषण संपू नये म्हणून देवाचा धावा करशील, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

अर्चना आमच्याकडे मराठी घेऊन बी. ए. झाली आणि कॉलेजात पहिली आली. मुलगी पाथर्डीकडची. तिकडचं कोरडं रान. दसरा झाला की तिचे आईवडील ऊस तोडायला इकडे बागायतीत उतरायचे ते गुढीपाडव्याच्या आसपास परत. ती कधी आत्याकडे, कधी वसतिगृहात. पत्रिका वाटायच्या दिवशी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली. ही मुलगी कधी मोठ्यानं बोलत नसे, त्या दिवशी मात्र तिला दम निघत नव्हता.

"मॅडम, या वर्षी आईदादांचा फड आपल्या कॉलेजच्या जवळच पडलाय. सोनईच्या अलीकडं."

"मग तर झकास. ने की त्यांना पत्रिका."

"माझं सगळं हंगामातच येतं, मॅडम," ती म्हणाली. "गॅदरिंग हंगामात, बक्षिसं हंगामात, दहावीचा निरोप समारंभ हंगामात. आईनं मला स्टेजवर कधी बघितलेलंच न्हाई. आता ह्याच्यानंतर स्टेज कुठं येणारे?"

मी इतकी वर्षं स्नेहसंमेलनं पाहिली, त्यांच्या तारखा ठरवणाऱ्या समितीवर बसले. पण शाळा-कॉलेजांचे सगळे कौतुकाचे दिवस नेमके तेव्हाच येतात, जेव्हा या मुलांचे आईबाप गावात नसतात, हे मला त्या दिवशी कळलं.

सोनईच्या बाजारात अर्चना आणि तिची आई यांची गाठ पडली. सुमनबाई. आई उभ्या उभ्या बोलत होती, पण नजर सारखी भाजीच्या ढिगावर. पत्रिका तिनं पदरात गुंडाळून घेतली आणि विचारलं, "कितीला हाय म्हनायचा कारेक्रम?"

"दहाला."

"म्हंजी बाराला," ती लगेच म्हणाली. "मंग जमतंय. कसं हाय बाई, आमचा दोघांचा मिळून एक कोयता. म्या एकलीनं उठून चालत न्हाई, आन् ह्यान्नी एकल्यानं तोडून चालत न्हाई. येयाचं तर दोघांनी येयाचं. मुकादमाला सांगून ठिवलंय. तांबडं फुटायच्या आदी फडात उतरतो, एक खेप भरून देतो, आन् त्याच टॅक्टरवर बसून कालेजाच्या दारात उतरतो. पाहुणं येणार, मंग दिवा लावनार, शाली, नारळ... पोरीचं नाव निघस्तवर आमी हजर."

"आई, पाहुणे लवकर आले म्हंजे?" अर्चनानं विचारलं.

"पाहुणं काय येळंवर येत असत्यात व्हय गं?" सुमनबाई हसली. मीही हसले. भाजीवालीही हसली. यात नाही म्हणण्यासारखं काही नव्हतंच.

त्या वर्षीचे पाहुणे रेल्वेतून निवृत्त झालेले एक मोठे अधिकारी होते. उभी हयात गाड्यांची वेळापत्रकं बसवण्यात गेलेली. स्टाफरूममध्ये त्यावरून काय थट्टा चालली होती! रेल्वेचे म्हणजे दोनाचे तीन तास धरा, प्लॅटफॉर्म बदलल्याची घोषणा करा, असं कायकाय. आणि समारंभाच्या दिवशी बरोबर दहाच्या ठोक्याला एक साधी पांढरी गाडी फाटकातून आत आली. मागे ताफा नाही, पुढे कुणी नाही. उंच, वाळलेले, पांढऱ्या शर्टातले एक गृहस्थ उतरले, मनगटावरच्या घड्याळाकडे बघून समाधानानं मान हलवली आणि मला विचारलं, "सुरू करायचं ना?"

प्राचार्यांना अर्धा फेटा बांधून झाला होता. उरलेला अर्धा सावरत ते धावत आले. बँडवाले आले नव्हते. मांडवात पुढच्या दोन ओळी सोडल्या तर खुर्च्यांवर उन्हाशिवाय कुणी नव्हतं. "पाहुणे लवकर आले" अशी आरोळी वसतिगृहापर्यंत गेली आणि मुली हातात साड्यांच्या निऱ्या धरून पळत सुटल्या. खरं म्हणजे पाहुणे लवकर आले नव्हते, वेळेवर आले होते. पण आमच्याकडे दोन्हींत फरक करायची वेळ कधी आली नव्हती.

बँडाशिवाय मिरवणूक निघाली. पहिल्या ओळीत अर्चना होती. निळी साडी, केशरी फेटा, आणि चेहरा पांढराफटक. माझ्या शेजारून जाताना ती एवढंच म्हणाली, "मॅडम, फोन नुसता वाजतोय." फोन वाजत असणार तो त्यांच्या कोपीत, पाचटाच्या त्या झोपडीत, पिशवीला अडकवलेला. फडात कोण फोन नेतो? मी आमच्या शिपायाला, गोरखला, मोटारसायकलवर पिटाळलं. थोड्या वेळानं त्याचा फोन आला. "मॅडम, हितं तर सगळीकडं ऊसच हाय. कंच्या उसात बघू?"

आमच्याकडे पदव्या आधी आणि पाहुण्यांचं भाषण नंतर, असा क्रम. भाषण आधी ठेवलं तर भाषणानंतर पदवी घ्यायला कुणी उरत नाही. आणि पदव्यांमध्ये गुणवंत आधी. म्हणजे दिवा लागला, स्वागतगीत झालं, की पहिलं नाव अर्चनाचं.

आजवर मी पाहुणे येईपर्यंतचा वेळ भरत आले होते. त्या दिवशी पाहुणे समोर बसलेले असताना वेळ भरायची पाळी आली. मी सत्कार काढले. ज्या सत्कारांचा मला आयुष्यभर वीट आला होता तेच काढले. संस्थेच्या पदाधिकाऱ्यांचे झाले, माजी विद्यार्थ्यांचे झाले, मग मी स्वागतगीत म्हणणाऱ्या मुलींचा केला, पेटीवाल्याचा केला, मांडववाल्याला खांबावरून खाली उतरवून त्याच्या हातात नारळ दिला. तो बिचारा घाबरून प्राचार्यांच्याच पाया पडला. व्यासपीठावरून माझ्याकडे चिठ्ठ्या यायला लागल्या. पहिली, "आवरा." दुसरी, "पाहुण्यांना नगरला पुढचा कार्यक्रम आहे." तिसरीवर काही लिहिलेलं नव्हतं, नुसतं उद्गारचिन्ह होतं.

मैदानाच्या भिंतीला लागूनच रस्ता. ट्रॅक्टर लांबूनच ऐकू यायचा, आधी गाणं, मग इंजिनाची धडधड. गाणं आलं की पहिल्या ओळीतला तो केशरी फेटा मागे वळायचा. मीही माइक धरून तिकडेच बघायची. त्यांच्या ट्रॅक्टरला पुढे लाल प्लॅस्टिकच्या फुलांची माळ आहे, एवढं अर्चनानं सांगितलं होतं. एक ट्रॅक्टर आला, माळ नाही. दुसरा आला, त्याला माळ होती, पण झेंडूची. तिसरा तर रिकामाच, कारखान्याकडून परत येणारा. प्रत्येक वेळी ती पुढे वळायची तेव्हा तिचे ओठ जास्तच घट्ट मिटलेले असायचे. तसं म्हटलं तर काय बिघडणार होतं? फाइल रिकामीच होती. पण मला त्या क्षणी जगात त्याहून मोठं काही बिघडण्यासारखं दिसत नव्हतं.

सत्कारासाठी माणसं संपली. प्राचार्य स्वतः उठून माइककडे यायला लागले. मग मी काय केलं, तर सरळ जाऊन पाहुण्यांच्या खुर्चीशेजारी वाकले. सूत्रसंचालकानं असं करायचं नसतं. दोन वाक्यांत सांगितलं, पहिली आलेली मुलगी, ऊसतोडीवरचे आईबाप, त्यांना वाटतंय पाहुणे बाराला येतील.

त्यांनी विचारलं, "निघालेत ते नक्की?"

"निघाले असतील. उसाच्या ट्रॅक्टरवर बसून येणार आहेत."

"म्हणजे मालगाडी," ते म्हणाले. घड्याळाकडे बघितलं, ते काढलं आणि खिशात ठेवलं. "मग आपण साइडिंगला, बाजूच्या रुळावर उभं राहू. आधी भाषण करतो."

असं म्हणून ते उठले. प्राचार्य माइकपर्यंत पोचण्याच्या आत त्यांनी माइक हातात घेतला. खिशातून एक छोटा कागद काढला होता, त्यावर जेमतेम चारपाच ओळी असाव्यात. तो त्यांनी परत खिशात ठेवला आणि म्हणाले, "विद्यार्थी मित्रहो, मनमाडहून दौंडला जाणारी जी लाइन आहे, तिची हकीकत आज मी तुम्हाला सांगणार आहे."

आणि खरंच सांगायला लागले. मनमाड जंक्शनवर इंजिन कसं बदलत, तिथला चहा कसा असे. येवल्याला गाडीत पैठण्यांची गाठोडी कशी चढत. कोपरगाव. पुणतांब्याला फाटा फुटतो तो कुठे जातो. बोलायला माणूस अगदीच नीरस. आवाज एका पट्टीत, हात पाठीमागे. मुलं चुळबुळ करायला लागली, मागून कुणी तरी शिट्टी मारली, एका प्राध्यापकांनी डोळे मिटले. बेलापूर आलं, राहुरी आली. एक ट्रॅक्टर गेला, माळ नव्हती. पाहुण्यांनीही तिकडे बघितलं आणि राहुरीत आणखी थोडा वेळ काढला, तिथल्या एका स्टेशनमास्तरांच्या शेळीची गोष्ट सांगितली. मग वांबोरी. मग विळद.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की स्टेशनं संपत चालली आहेत. या लाइनवर आम्ही सगळे लहानाचे मोठे झालो, कुठल्यानंतर काय येतं ते पाठ. नगर आलं. नगरला त्यांनी पाणी मागितलं, सावकाश प्यायले. बाहेर त्यांच्या ड्रायव्हरनं गाडी सावलीतून काढून फाटकाकडे तोंड करून लावली होती. सारोळा गेलं. पुढे विसापूर, बेलवंडी, श्रीगोंदा, काष्टी आणि मग दौंड. दौंडला लाइन संपते. मी मनातल्या मनात त्यांना म्हणत होते, सर, घाई करू नका, प्रत्येक स्टेशनवर थांबा, क्रॉसिंग घ्या, सिग्नलला खोळंबा, पण दौंडला पोचू नका.

"विसापूरला एकदा काय झालं," ते म्हणाले, "भर दुपारची वेळ. गाडी उभी. गार्डानं हिरवं निशाण दाखवलं, आणि तेवढ्यात..."

रस्त्यावर गाणं बंद झालं. जाणारा ट्रॅक्टर गाणं बंद करत नाही, थांबणारा करतो. भिंतीवरून लाल फुलं दिसली. ट्रॉलीवरच्या उसावरून एक बाई खाली उतरत होती, साडीवर पुरुषाचा फुल बाह्यांचा शर्ट, डोक्याला फडकं. तिच्या मागून टोपीवाला एक माणूस. मागे गाड्यांचे हॉर्न वाजायला लागले होते.

पाहुण्यांनी वाक्य तिथंच सोडलं. "धन्यवाद," म्हणाले आणि जाऊन बसले. टाळ्या अशा पडल्या की विचारू नका, सुटल्याच्या टाळ्या.

मी नाव पुकारलं. अर्चना उठली, पायऱ्या चढली. सुमनबाई आणि तिचा नवरा मांडवाच्या शेवटच्या खांबापाशी थबकले होते, कपडे असे म्हणून आत येईनात. आणि फेट्यातल्या सगळ्या मुली सारख्याच. सुमनबाईनं हात कपाळाशी धरून बघितलं आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल एवढ्यानं विचारलं, "आर्चे, तूच का गं ती?"

मांडव हसला. अर्चनानं फेटा मागे सारला, आणि कधी मोठ्यानं न बोलणारी ती मुलगी माइकशिवाय ओरडली, "व्हय आई, मीच!"

पाहुण्यांनी फाइल पुढे धरली होती, पण ते लगेच देईनात. मुलीला आईकडे तोंड करून उभं केलं आणि मग दिली. मी रडले, ते लपवायचं कारण नाही. प्राचार्यांनीही फेट्याच्या शेमल्यानं डोळे टिपले, ऊन लागलं म्हणाले.

त्यानंतर किती तरी पाहुणे आले. सगळे आपापल्या वेळेला, म्हणजे बाराला. त्यांची भाषणं मी ऐकते, वाक्यं पुरी होतात, आणि मला त्यांतलं एकही आठवत नाही. आठवतं ते विसापूरचं अर्धं. अर्चना हल्ली पुण्याला शिकते, अधूनमधून फोन करते, आणि आम्ही दोघी अजून विसापूरला काय झालं असेल त्याचे अंदाज बांधतो. तिचं म्हणणं, काहीच झालं नसेल, त्यांनी नुसती गाडी उभी केली होती. परवा मैदानात पहारीचे घाव ऐकू आले आणि मी खिडकीशी जाऊन रस्त्याकडे बघत राहिले. पोटात तोच गोळा होता. आता त्याची सवय झाली आहे, आणि तो आला नाही तर चुकल्यासारखं होईल.

त्या दिवशी समारंभ आटोपल्यावर पाहुणे गाडीकडे निघाले. नगरच्या कार्यक्रमाची वेळ केव्हाच टळून गेली होती. हयातीत कधी उशीर केला नाही असं ज्यांच्याबद्दल मी सकाळीच परिचयात वाचलं होतं, ते गृहस्थ आता कुठल्या तरी मांडवात उशिरा पोचणार होते, आणि तिथली सूत्रसंचालिका वेळ भरत उभी असणार होती. वाटेत अर्चना आईवडलांना घेऊन उभी होती. वडील मुलीच्या हातातली फाइल उघडून, मिटून बघत होते. सुमनबाई मात्र भलतीच खुशीत. उपरण्यानं लेकीचं तोंड पुसत ती तिला दटावत होती, "उगी जीव खात हुतीस माझा. म्या म्हनलं न्हवतं, पाहुणं बाराबिगर येत न्हाईत म्हून? बघ, आलो का न्हाई बराबर येळंवर?"

अर्चनानं जीभ चावली. प्राचार्य चटकन पुढे झाले, "अहो बाई, साहेब तर सकाळी..."

पाहुण्यांनी हातानंच त्यांना थांबवलं. खिशातून घड्याळ काढून मनगटावर बांधलं आणि सुमनबाईपुढे हात जोडून म्हणाले, "बरोबर आहे ताई तुमचं. आज मला यायला जरा उशीरच झाला."